सट्ट्यातला कडता

क्रिकेटचा हंगाम आला की एक ठराविक प्रकारचे ज्ञानदान सुरू होते. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, ट्रेनमध्ये, गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. "नवशिक्यांसाठी बेटिंगच्या सोप्या संज्ञा." ऑड्स म्हणजे काय, फेवरिट कोण, अंडरडॉग कोण, हँडिकॅप, ओव्हर-अंडर, मल्टी, कॅश-आउट. सगळे कसे छान, शाळेच्या पुस्तकातल्या शब्दार्थांसारखे. सूर असा की बाबा रे, लोक हरतात ते अज्ञानामुळे, तू शब्द शिकून घे म्हणजे तू काही हरणाऱ्यांतला नाहीस.

माझे म्हणणे उलट आहे. हे शब्द शिकवणे म्हणजे माहिती देणे नव्हे, ती गिऱ्हाईक तयार करण्याची पहिली पायरी आहे. आणि याचा पुरावा त्या यादीतच असतो. त्यात खेळणाऱ्याने वापरायचे सगळे शब्द असतात, पण ज्या एका शब्दावर हा सगळा धंदा उभा आहे तो एकतर नसतोच, नाहीतर शेवटी बारीक अक्षरात असतो.

तो शब्द आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त वेगळ्या दुकानातला आहे. त्याच्याकडे येतोच, पण आधी जरा बाराखडी.

माझे गाव पांढरकवडा. यवतमाळ जिल्हा, केळापूर तालुका, नागपूर-हैदराबाद हायवेवरचे. कापसाचा मुलूख. आता तुम्ही म्हणाल कापसाचा आणि सट्ट्याचा काय संबंध? मंडळी, आहे, आणि चांगलाच जवळचा आहे. ज्याला आपण मटका म्हणतो तो जन्मला कापसाच्या भावातूनच. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजमधले कापसाचे उघडणारे आणि बंद होणारे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईला यायचे आणि त्यांच्यावर लोक पैसे लावायचे. मटक्यातले 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कचे भाव येणे बंद झाले. धंदा बंद पडायला हवा होता ना? छे! १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. कापूस गेला, भाव गेले, उरले फक्त आकडे. मडक्यातून चिठ्ठी काढा नाहीतर पत्त्यांच्या गड्डीतून पान काढा, काय फरक पडतो?

माझ्या मते मटक्याबद्दल शिकण्यासारखे सगळ्यात महत्त्वाचे ते हेच. कापूस काढून घेतला तरी सट्ट्याला काहीही झाले नाही. म्हणजे कापूस मुळात त्यात नव्हताच! तसेच आज क्रिकेटचे आहे. तुम्हाला वाटते आपण क्रिकेटवर खेळतोय. पलीकडच्याच्या लेखी क्रिकेट म्हणजे फक्त आकडा काढायची गड्डी.

मटक्याचे गणित तर पाचवीतल्या पोराला जमेल. शून्य ते नऊ, दहा आकडे. एका आकड्यावर दहा रुपये लावले आणि तो लागला तर रिवाजाप्रमाणे नव्वद मिळतात. दहापैकी एक शक्यता आणि नऊपट पैसे. जोडीला शंभरात एक शक्यता आणि नव्वदपट. म्हणजे शंभर रुपये फिरले की सरासरी दहा रुपये मालकाच्या खिशात. यात कुणी लबाडी केलेली नाही बरं का, हा सगळा सचोटीचा हिशोब झाला. लबाडी केली तर आणखी वेगळे.

आता क्रिकेट. पानठेल्यावर ऐकू येणारे वाक्य साधारण असे असते: "इंडिया साठ-बासष्ट हाय, लावतं का खातं?" ज्याला कळत नाही तो बावळट ठरतो, म्हणून आधी अर्थ समजून घेऊ.

साठ-बासष्ट हे पैसे आहेत, दर रुपयामागे. इंडिया फेवरिट. लगाई म्हणजे तुम्ही इंडियावर शंभर लावले. जिंकली तर साठ मिळणार, हरली तर शंभर गेले. खाई म्हणजे उलटी बाजू. तुम्ही इंडिया 'खाल्ली'. इंडिया जिंकली तर तुम्ही बासष्ट द्यायचे, हरली तर तुम्हाला शंभर मिळणार.

आता दोन मित्र घ्या. एकाने शंभर लावले, दुसऱ्याने शंभर खाल्ले. इंडिया जिंकली: बुकी पहिल्याला साठ देतो, दुसऱ्याकडून बासष्ट घेतो. दोन रुपये सुटले. इंडिया हरली: पहिल्याकडून शंभर घेतो, दुसऱ्याला शंभर देतो. बुकीचे गेले शून्य. परत वाचा. एका निकालात दोन रुपये नफा, दुसऱ्या निकालात ना नफा ना तोटा. दोन्ही बाजूंचे वजन सारखे ठेवले की या माणसाला इंडिया जिंकली काय आणि हरली काय, सारखेच. एका बाजूला वजन जास्त झाले तर तो भाव हलवतो किंवा जास्तीचा बोजा वरच्या बुकीकडे ढकलतो. तुम्ही मॅच बघत असता, तो तराजू बघत असतो.

सेशन त्याहून मजेदार. "सहा ओव्हरचं सेशन अठ्ठेचाळीस-पन्नास." यस म्हणणाऱ्याला पन्नास किंवा जास्त धावा हव्यात, नो म्हणणाऱ्याला अठ्ठेचाळीसच्या खाली. आणि अठ्ठेचाळीस किंवा एकोणपन्नास झाल्या तर? दोघेही हरले! असा खेळ दुसरीकडे कुठे पाहिलाय का, जिथे समोरासमोर उभे असलेले दोघेही हरतात आणि मध्ये उभा असलेला जिंकतो?

हा जो मधला दोन रुपयांचा, दोन धावांचा, दहातल्या एका आकड्याचा फरक आहे ना, त्याला इंग्रजीत दोन-तीन नावे आहेत. पानठेल्यावर एकही नाही. म्हणून मी त्याला आमच्या कापसाच्या बाजारातले नाव देतो: कडता. ज्यांनी बाजार समिती पाहिली नाही त्यांच्यासाठी: माल मोजताना व्यापारी घट, ओल, कचरा अशा नावाखाली वजनातून जे परस्पर कापून घेतो तो कडता. या कडत्यावरून शेतकरी भांडतो, आंदोलने करतो, आणि बरोबरच करतो. क्विंटलमागे किलोभर कापला तरी त्याचा जीव जळतो. आणि त्याच घरातला पोरगा संध्याकाळी मोबाईलवर दर शंभराला पाच रुपये कडता हसत हसत देतो, कारण तिथे त्याला कडता म्हणत नाहीत. तिथे त्याला 'ऑड्स' म्हणतात.

पाच रुपये कुठून आले? अ‍ॅपवरचे भाव बघा. दोन अगदी तुल्यबळ टीम असल्या तर दोन्हींवर १.९० असा भाव दिसू शकतो. शंभर लावा, जिंकलात तर मुद्दलासकट एकशेनव्वद. खरा भाव दोन असायला हवा. शंभरामागे सरासरी पंच्याण्णव परत. पाच रुपये कडता.

"पाच टक्केच ना? सिनेमाच्या तिकिटाला त्याहून जास्त जातात." हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय, विशेषतः कोड लिहिणाऱ्या हुशार लोकांकडून. म्हणून थोडे आकडे मांडतो. आयपीएलच्या ७४ सामन्यांच्या हंगामात एक हजार लोकांनी प्रत्येक सामन्यावर हजार रुपये लावले, १.९० भावाने, नाणे उडवून. नफ्यात यायला ७४ पैकी किमान ३९ बरोबर यावे लागतात. हंगाम संपल्यावर हजारातले सुमारे ३६० लोक नफ्यात असतील. विचार करा, तीनशेसाठ! त्यांनी नाण्याशिवाय काहीही वापरलेले नाही, पण प्रत्येकाला वाटणार की आपल्याला पिच कळते. तेच बोलणार, तेच ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकणार, तेच नवशिक्यांना संज्ञा शिकवणार. उरलेले सुमारे सहाशेचाळीस गप्प बसणार. असे दहा हंगाम खेळा, नफ्यात उरतील जेमतेम पंच्याहत्तर. कडता कधी घाईत नसतो. त्याला फक्त तुम्ही येत राहायला हवे असता.

आणि 'मल्टी'? पाच सामने एकत्र लावा, सगळे बरोबर आले तर जवळपास पंचवीसपट! ऐकायला काय भारी वाटते. पण पाचही नाणी तुम्ही म्हटल्याप्रमाणे पडायची शक्यता बत्तीसात एक. बत्तीसपट मिळायला हवे तिथे पंचवीसपट. पाचचा कडता झाला बावीस-तेवीस. जितका शब्द आकर्षक तितका कडता मोठा, हा नियम लक्षात ठेवा, बाकी संज्ञा विसरलात तरी चालेल.

आता नेहमीचे आक्षेप.

एक: "शेअर बाजार पण जुगारच आहे." सगळा नाही, पण काही भाग नक्कीच तसा वापरला जातो. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासाप्रमाणे फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. म्हणजे हा आक्षेप सट्ट्याच्या बाजूचा नाही, माझ्याच बाजूचा आहे. धन्यवाद.

दोन, आणि हा आमच्या भागात हमखास येतो: "शेती पण जुगारच की! पाऊस पडला तर पडला." हे ऐकले की माझ्या डोक्यात जाते. यवतमाळ जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची किती वर्षे पाहिली आहेत, त्यामुळे कोरडवाहू कापूस लावणे किती जोखमीचे आहे हे आम्हाला कुणी सांगायला नको. पण शेतकरी जोखीम घेतो तेव्हा शेवटी कापूस उभा राहतो. त्याचे सूत होते, सरकीचे तेल होते. पावसाने भाव ठरवताना स्वतःचा कडता आधी कापून ठेवलेला नसतो. सट्ट्यात जोखीम मुद्दाम तयार केलेली असते आणि शेवटी उभे काहीच राहत नाही. दोन्हीला एकच शब्द लावणे म्हणजे शेतकऱ्याचा अपमान आणि बुकीचा सन्मान.

तीन: "कायदेशीर करून टाका ना मग." हा मात्र गंभीर मुद्दा आहे. लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये क्रिकेटवरचे बेटिंग कायदेशीर करण्याची शिफारस केली होती, आणि २०१८ मध्ये विधी आयोगानेही, बंदी शक्य नसेल तर नियमन करा असे म्हटले. त्यामागचा विचार प्रामाणिक आहे: काळा पैसा, फिक्सिंग यांना आळा. पण कायदेशीर झाल्याने कडता शून्य होत नाही, फक्त पावती मिळते.

सध्याचा कायदा काय आहे? महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल, म्हणजे जिंकलेले पैसे बुकीने दिले नाहीत तर कोर्ट तुमच्यासाठी काही करणार नाही. उलट तुम्ही हरलात तर तोही कोर्टात जात नाही, त्याची वसुलीची पद्धत वेगळी असते. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटले आणि पुढे याच 'कौशल्य' शब्दावर फँटसी लीगचा डोलारा उभा राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांसाठी कौशल्य की नशीब हा भेदच काढून टाकला, जाहिरातींवरही बंदी आणली. त्याच महिन्यात ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय टीमच्या जर्सीवरून त्यांचे नाव गेले. ज्या शब्दाच्या जिवावर कोट्यवधी लोकांना 'हा जुगार नाही' असे सांगितले, तो शब्द एका आठवड्यात निकामी झाला.

पण व्हॉट्सअ‍ॅपवर 'आयडी' देणारे आधीही बेकायदाच होते, त्यांना नव्या कायद्याचे काय? आणि आयडी कशी मोहात पाडते हे बघायला विदर्भाबाहेर जायला नको. जुलै २०२३ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी गमावल्याची तक्रार होती. संशयित बुकी गोंदियाचा. पोलिसांनी त्याच्या घरातून कोट्यवधींची रोकड आणि किलोवारी सोने जप्त केले. त्या व्यापाऱ्याला खात्यात आठ लाख आधीच जमा दिसले होते आणि सुरुवातीला तो जिंकतही होता. तो काही अडाणी नव्हता. त्याला भाव कळत होते, संज्ञा कळत होत्या.

शेवटचे बोलणे आपल्या जातभाईंशी, म्हणजे कोड लिहिणाऱ्यांशी. ही अ‍ॅप आकाशातून पडत नाहीत. हरल्यावर बरोबर दहा मिनिटांनी येणारे बोनसचे नोटिफिकेशन कुणीतरी टेस्ट केलेले असते. 'कॅश-आउट'चे बटण हिरवे की केशरी यावर कुणीतरी मीटिंग घेतलेली असते. आपल्याला रिटेन्शन म्हणजे काय हे चांगले कळते. मग निदान आपण तरी 'मी अ‍ॅनालिसिस करून लावतो' असे म्हणू नये. ज्या अ‍ॅपला तुमच्या प्रत्येक क्लिकचा हिशोब ठाऊक आहे, त्याच्यासमोर तुमची एक्सेल शीट घेऊन बसणे हे धाडस नाही, गिऱ्हाइकी आहे.

तेव्हा पुढच्या वेळी गावाकडचा चुलतभाऊ फोन करून विचारेल, "दादा, तू इंजिनिअर हायस, हे साठ-बासष्ट काय असते सांग ना," तेव्हा त्याला टाळू नका आणि नुसते शब्दार्थही सांगू नका. कागद घ्या, दोन मित्र काढा, एकाला लावायला सांगा, एकाला खायला सांगा, आणि मध्ये दोन रुपये कुणाकडे राहिले ते त्यालाच मोजू द्या. कापसाच्या घरातला पोरगा आहे. कडता त्याला लगेच ओळखू येईल.