नक्षी वारल्यांची, अंग प्लास्टरचे!

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कुडाची भिंत शेणामातीने लिंपून, तीवर गेरूचा हात देऊन तांदळाच्या पिठाने चित्र रेखाटले जाते. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री लाभली. 2014 साली वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु शहरी दिवाणखान्यात पोहोचते ते काय? प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साचेबंद फुलदाणीवर छापलेली वारली नक्षी! याला कलेचा सन्मान म्हणावे काय?

दुसरे साहित्य मिळत नाही, ही सबब फोल आहे. आपल्या आज्या-पणज्या रद्दी कागद भिजवून कुटीत, त्यात भिजवून वाटलेली मेथी कालवीत आणि त्या लगद्याने सुपे-टोपल्या लिंपीत. त्यातच थोडी मुलतानी माती व डिंक मळला की मुखवटे, तबके, शोभेच्या पाट्या उत्तम घडतात. मेथी व डिंक लगदा धरून ठेवतात, माती त्यास गुळगुळीतपणा देते. सावलीत सावकाश वाळविल्यास तडे कमी जातात.

प्लास्टर स्वस्त व झटपट, हे मान्य. पण ते पाण्यात सहजासहजी विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत मूर्तींसाठी ते वर्ज्य ठरविले. डहाणू तालुका तर 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. त्याच भूमीच्या कलेच्या नावावर प्लास्टर खपविणे ही शुद्ध विटंबना होय.

स्वदेशीची भाषणे पुष्कळ झाली. आता घरोघरी मुलांच्या हाती लगदा द्यावा; आणि वारली नक्षीची वस्तू घेताना गृहिणींनी दुकानदारास ठामपणे विचारावे, ही घडली कशाची आणि रेखाटली कोणाच्या हातांनी?