शाहीर विलास घोगरे आणि आपले विद्यार्थी

आपल्या वसतिगृहात पाचवीला दाखल झालेला विद्यार्थी दहावीला पोहोचेपर्यंत पंधरा-वीस भीमगीते सहज मुखोद्गत करतो. भीमजयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, महापरिनिर्वाण दिन, असा एकही प्रसंग गीतांवाचून पार पडत नाही. ही गीते रचणारी माणसे कशी जगली आणि त्यांचा शेवट कसा झाला, हे मात्र आपण मुलांना क्वचितच सांगतो. वामनदादा कर्डकांचे नाव घेतले जाते, तेवढ्यावर विषय संपतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही एक आग्रह मांडत आहोत. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट आपल्या विद्यालयातील नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांना दाखविला जावा, आणि तो पूर्ण दाखविला जावा. काही पालकांना हे रुचणार नाही, याची जाणीव ठेवूनच आम्ही हे लिहीत आहोत.

११ जुलै १९९७ च्या सकाळी मुंबईतील घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक संतापून महामार्गावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा माणसे मृत्युमुखी पडली. जमाव टँकर पेटविणार होता, असा पोलिसांचा दावा होता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरविला. तुकडीचे प्रमुख मनोहर कदम यांना सत्र न्यायालयाने २००९ मध्ये जन्मठेपेची शिक्षा सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा भागातून रोजगारासाठी मुंबई गाठलेल्या आपल्या कुटुंबांना घाटकोपर, मुलुंड, चेंबूर ही नावे काही परकी नाहीत. तरीही त्या दिवसाची हकिकत आज जिल्ह्यातील किती तरुणांना सांगता येईल, याविषयी आम्ही साशंक आहोत.

मुलुंडच्या झोपडीत राहणारे शाहीर विलास घोगरे गोळीबारानंतर त्या वस्तीत गेले. त्यांनी जे पाहिले ते त्यांना सोसवले नाही. १५ जुलै रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. आयुष्याचा मोठा काळ ते ‘आव्हान नाट्य मंच’ या डाव्या विचारांच्या कलापथकातून कामगारांची आणि झोपडीवासीयांची गाणी गात होते. १९८५ च्या ‘हमारा शहर’ या पटवर्धनांच्या माहितीपटात त्यांचा आवाज आहे. पुढे त्याच मंचाने त्यांना दूर केले होते. लाल निशाणाखाली गाणारा हा शाहीर अखेरच्या क्षणी मस्तकी निळे वस्त्र बांधून गेला. भिंतीवर त्यांनी आंबेडकरी ऐक्याची घोषणा लिहून ठेवली होती.

आपला हा मित्र असा का गेला, या प्रश्नापासून पटवर्धनांनी चित्रीकरणाला प्रारंभ केला आणि पुढची चौदा वर्षे ते त्या शोधात राहिले. सुमारे तीन तासांच्या या माहितीपटात गोळीबाराचे वास्तव, रेंगाळलेला खटला, खैरलांजी, आणि या सर्वांच्या मधून सतत वाहणारी गाणी आहेत. वस्तीतल्या स्त्रिया गातात, वयोवृद्ध गातात, लहान मुले गातात. जानेवारी २०१२ मध्ये मुंबईत तो प्रथम भायखळ्याच्या बी.आय.टी. चाळीत, उघड्यावर दाखविला गेला. ज्यांची कथा त्यांनाच ती आधी दाखवावी, हा शिष्टाचार आम्हाला पुरस्कारांहून मोठा वाटतो.

याच सुमारास जगभर दुसऱ्या एका गायकावरचा माहितीपट गाजत होता. जमैकाचा बॉब मार्ली हा गुलामांच्या वंशात जन्मलेला, किंग्स्टनच्या गरीब वस्तीत वाढलेला रेगे गायक. ३ डिसेंबर १९७६ रोजी, निवडणुकीच्या तोंडावर, दोन पक्षांच्या टोळ्या एकमेकांचे रक्त सांडत असताना बंदूकधारी त्याच्या घरात घुसले. तो, त्याची पत्नी आणि त्याचा व्यवस्थापक जखमी झाले. दोन दिवसांनी तो त्या जखमांसह व्यासपीठावर उभा राहून गायला. नंतर देश सोडून गेला. १९७८ मध्ये परत येऊन त्याने दोन्ही विरोधी पक्षांच्या नेत्यांचे हात रंगमंचावर एकत्र उंचावले. दोन्ही गायकांच्या वाट्याला राजकीय हिंसा आली. परंतु मार्लीपाशी परदेशी जाण्याची सोय होती, ध्वनिमुद्रिका होत्या, जगभरचा श्रोता होता. घोगऱ्यांपाशी एक झोपडी होती आणि ज्यांच्यासाठी ते गात होते ते लोक होते. त्या लोकांत आपणही येतो. जिवंतपणी त्यांचे नाव आपल्यापैकी किती जणांच्या कानी पडले होते?

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप असा की शिक्षणाच्या वयात मुलांना रक्तपात दाखवू नये, त्यांनी अभ्यास करावा, अधिकारी व्हावे. या अपेक्षेमागचे कष्ट आम्ही जाणतो. सोयाबीन काढणीच्या मजुरीतून फी भरणाऱ्या आईबापांनी दुसरे काय मागावे? परंतु गावात, महाविद्यालयात, पुढे कचेरीत या मुलांना जात भेटणारच आहे. ती पहिल्यांदा भेटते तेव्हा मूल एकटे असते. शिक्षकांच्या आणि सोबत्यांच्या सान्निध्यात तिचे रूप आधी पाहिलेले असेल, तर त्याला बोलण्यासाठी शब्द तरी सापडतील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आम्हाला अर्धा मान्य आहे. वसतिगृहातील मूल घरापासून दूर असते. त्याच्यापुढे आत्महत्येची कथा ठेवणे जोखमीचे आहे. आपल्या चळवळीत अशा मृत्यूला हौतात्म्य म्हणून गौरविण्याची सवय आहे, ती आम्हाला मान्य नाही. रोज सकाळी पंचशील ग्रहण करणाऱ्या मुलांना पहिले शील स्वतःच्या जिवालाही लागू आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. घोगऱ्यांचे मोठेपण त्यांच्या गाण्यात आहे. त्यांचा मृत्यू ही हानी होती आणि त्या दिवसांत कोणी त्यांच्यापाशी बसले असते तर कदाचित ती टळली असती, अशीच मांडणी शिक्षकांनी करावी. ज्याचे मन दाटून येईल त्याने कोणाकडे जावे, हे त्याच तासाला नावानिशी सांगावे. एवढी तयारी नसेल तर माहितीपट दाखवू नये, हेही आम्ही मोकळेपणाने म्हणतो.

माहितीपटाच्या अखेरच्या भागात पुण्याच्या कबीर कला मंचाची शीतल साठे गाताना दिसते. पुढे या मंचाच्या कलावंतांवर नक्षलवादाचा आरोप आला. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनासमोर प्रकट होऊन अटकेला सामोरे गेले. शीतल तेव्हा गरोदर होती. तिला त्याच वर्षी जामीन मिळाला, सचिनला २०१७ पर्यंत वाट पाहावी लागली. त्यांच्या राजकारणाविषयी आपल्यात मतभेद असू शकतात, ते वर्गात मांडलेही जावेत. परंतु गाणाऱ्याला आजही किंमत मोजावी लागते, ही गोष्ट मुलांपासून लपवून काय साधणार?

आपल्या वऱ्हाडात गायन पार्ट्यांची परंपरा फार मोठी. हार्मोनियम, ढोलकी आणि खंजिरीवर दोन पार्ट्यांचा मुकाबला रात्रभर रंगे आणि निरक्षर श्रोता पहाटे बाबासाहेबांचे चरित्र ऐकून घरी जाई. आज जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात. एका रात्रीच्या त्या भाड्यासाठी वर्गणी निघते; गावातल्या म्हाताऱ्या गायकाच्या औषधासाठी निघत नाही. घोगऱ्यांना एकटे पाडणारे फक्त मुंबईत होते, असे समजण्याचे कारण नाही.

तेव्हा विद्यालयाच्या व्यवस्थापनाला आमची सूचना अशी. माहितीपट लांब आहे, म्हणून तो शनिवारी आणि रविवारी दोन भागांत दाखवावा. पालकांना आधी पत्र पाठवावे आणि इच्छा असल्यास त्यांनीही मुलांशेजारी बसावे. रविवारी सायंकाळी चिखली-मेहकर परिसरातील एखाद्या जुन्या गायन पार्टीला बोलवावे. मुलांनी त्यांना गाण्यांविषयी आणि त्यांच्या आयुष्याविषयी प्रश्न विचारावेत, उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. माजी विद्यार्थी संघाने येण्याजाण्याचा खर्च उचलावा. आणि गायकांचे मानधन शाल-श्रीफळावर न भागवता, त्याच संध्याकाळी, रोख त्यांच्या हाती द्यावे.