सील आहे, पण आत कोण शिरले?

कंटेनर म्हटला की आपल्या कापडवाल्यांच्या डोळ्यांसमोर न्हावाशेवाचे बंदर येते. माल भरला, दार लावले, सील ठोकले, सीलचा नंबर कागदावर चढवला, की आपण मोकळे. संगणकवाल्यांनीही हाच शब्द उचलला आहे. त्यांच्या कंटेनरमध्ये तागे नसतात, प्रोग्राम असतो. एक कंटेनर ऑर्डर घेतो, दुसरा उधारीचे खाते ठेवतो, तिसरा बिल काढतो. असे पाच-पन्नास कंटेनर अनेक मशीनवर मिळून चालवले की त्याला क्लस्टर म्हणतात. ते चालवणाऱ्या सर्वांत प्रसिद्ध व्यवस्थेचे नाव कुबरनेटिस. गूगलने ती २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. शब्द मूळ ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा.

मी कापडाचा व्यापारी, शिक्षण उर्दू शाळेत झालेले. या विषयात मी कशाला बोलावे, असे कोणी म्हणेल. पण खाते फुटले तर नुकसान सॉफ्टवेअरवाल्याचे होत नाही, माझे होते. ज्यांनी ऑर्डरचे ॲप करून घेतले आहे, अशा आपल्या अनेक बांधवांची उधारी आज अशाच क्लस्टरवर बसलेली असू शकते, आणि त्यांना त्याची कल्पनाही नसेल.

आमची हकीकत सांगतो. आम्ही चार दुकानदारांनी मिळून एका कंपनीकडून ॲप करून घेतले. वर्षभर ते छान चालले. मग ऐन ईदच्या हंगामात एका सकाळी बंद पडले. पार्ट्यांचे फोनवर फोन. कंपनीचा मुलगा म्हणाला, आतल्या सर्व्हिसचे दाखले संपले आहेत, नवे काढायला संध्याकाळ होईल. मी म्हणालो, "संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक थांबत नसते. आधी चालू करून दे, बाकीचे मग बघ." अर्ध्या तासात ॲप चालू झाले. आम्ही त्याची पाठ थोपटली.

दीड महिन्याने माझा भाचा घरी आला. तो पुण्यात हेच काम करतो. कंपनीला विचारूनच त्याने आतली मांडणी पाहिली आणि म्हणाला, "मामू, यांनी नवे दाखले काढलेच नाहीत. समोरच्याचा दाखला तपासूच नका, एवढा हुकूम लिहून ठेवलाय. आणि घरून काम करता यावे म्हणून क्लस्टर चालवायचा फलक बिनापासवर्डचा बाहेर उघडा आहे." त्या दीड महिन्यात कोणी आत आले होते का? ते कोणालाच सांगता आले नाही. आल्या-गेल्याची नोंदही ठेवलेली नव्हती.

मुलाची चूक होतीच. पण घाई मी केली होती, हेही मी नाकारत नाही.

आता हे दाखले म्हणजे काय ते बघू. टीएलएस नावाची जी पद्धत आहे, ती दोन कामे करते. निरोप सीलबंद करते, म्हणजे वाटेत कोणी वाचू वा बदलू शकत नाही. आणि समोरचा जो म्हणतो तोच आहे की नाही, हे दाखल्यावरून पटवते. जुन्या पेढ्यांवर शाहजोग हुंडी चालत असे. तिचा पैसा कोणाही आणणाऱ्याला मिळत नसे. बाजारात पत असलेल्या शाहामार्फतच मिळे. दाखल्याचेही तसेच आहे. तो देणारा शाह कोण, यावर त्याची किंमत. हा शाहच बुडाला तर काय होते, ते हॉलंडमधील डिजिनोटार या कंपनीने दाखवले. २०११ मध्ये तिच्या यंत्रणेत चोर शिरले, गूगलसकट इतरांच्या नावाचे पाचशेहून अधिक खोटे दाखले निघाले, आणि त्याच वर्षी कंपनीचे दिवाळे वाजले. क्लस्टरच्या आत मात्र शाह बहुधा आपलीच सॉफ्टवेअर कंपनी असते. तिची दाखले देण्याची किल्ली म्हणजे पेढीची मोहोर. ती ज्याच्या हाती, तो वाटेल त्याला शाह बनवील.

पण नुसते सील पुरत नाही, आणि आपले लोक इथेच फसतात. मोबाईलवर कुलपाचे चित्र दिसले की सगळे ठीक, असे आपण समजतो. ते कुलूप एवढेच सांगते की तुम्ही योग्य दुकानाशी बोलत आहात आणि वाटेत कोणी ऐकत नाही. आत येणारा कोण आहे, हे दुकानाला त्यातून कळत नाही. बंदरावर सील शाबूत असले तरी डिलिव्हरी ऑर्डर दाखवल्याशिवाय कोणी कंटेनर सोडतो का? म्हणून क्लस्टरच्या आत दोन्ही बाजूंनी दाखला दाखवावा लागतो. ऑर्डरची सर्व्हिस खात्याच्या सर्व्हिसला ओळख देते, खात्याची ऑर्डरच्या सर्व्हिसला देते. ओळख पटल्यावरही कोणाला काय करू द्यायचे, हे वेगळे ठरवावे लागते. हमाल दुकानात येतो, तिजोरीला हात लावत नाही.

कुबरनेटिस हे सारे करू शकते, पण आपणहून सगळे करत नाही. मनाई केली नसेल तर कोणताही कंटेनर दुसऱ्या कोणत्याही कंटेनरशी बोलू शकतो, आणि ते बोलणे आपोआप सीलबंद होत नाही. मार्केटच्या फाटकावर वॉचमन, आत सगळ्या गाळ्यांची शटर वर, असा प्रकार. पासवर्ड ठेवायच्या कप्प्याला तिथे सिक्रेट म्हणतात, पण वेगळी सोय केली नाही तर ते पासवर्ड मोडीत लिहिल्यासारखेच: मोडी येणारा कोणीही वाचील.

हे फक्त लहान कंपन्यांत घडते, असे नाही. टेस्ला या मोटार कंपनीचा कुबरनेटिसचा फलक बिनापासवर्डचा उघडा होता, ही गोष्ट फेब्रुवारी २०१८ मध्ये बाहेर आली. चोरांनी तिच्या मशीन फुकटात आभासी नाणी काढायला जुंपल्या होत्या. ॲमेझॉनवर ठेवलेल्या तिच्या माहितीच्या किल्ल्याही तिथेच सापडल्या.

दाखले संपण्याचेही तेच. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधील एक दाखला संपला आणि ब्रिटनमधील ओटू कंपनीच्या ३ कोटींहून अधिक ग्राहकांचे मोबाईल इंटरनेट जवळपास दिवसभर बंद राहिले. कुबरनेटिस बसवण्याचे जे नेहमीचे साधन आहे, ते स्वतःच्या कारभारासाठी एकेका वर्षाचेच दाखले काढते. बाहेरच्या वेबसाइटच्या दाखल्यांची कमाल मुदत मार्च २०२९ पासून ४७ दिवस करायचे एप्रिल २०२५ मध्ये ठरले आहे. हे काम वहीत तारीख लिहून होण्याजोगे राहिले नाही. दाखले आपोआप नवे होतील, अशी सोय करूनच घ्यायला हवी. खर्च होतो म्हणून ती टाळणारी कंपनी मला स्वस्त वाटत नाही.

कोणी म्हणेल, आमच्या खात्यात चोराला काय मिळणार? पार्टीचे नाव, मोबाईल नंबर, तिची उधारी, तिला दिलेला भाव. शेजारच्या गाळेवाल्याला एवढे पुरे. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती सांभाळायला दुसऱ्याला दिली तरी ज्याने ती गिऱ्हाइकाकडून घेतली त्याच्यावर जबाबदारी ठेवली आहे. पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. लहान दुकानदाराला एवढा दंड कोणी करणार नाही, असे मीही धरून चालतो, पण "ॲप कंपनीने केले होते" हे उत्तर चालणार नाही, एवढे नक्की.

आम्ही चौघांनी कंपनीपुढे मागण्या ठेवल्या. तपासणी बंद ठेवून ॲप चालवायचे नाही, मग तो हंगाम असो. फलक बाहेरून बंद, आणि प्रत्येक कामगाराची ओळख वेगळी. नोकरी सोडली की त्याच दिवशी रद्द. कोण आले, कोण गेले याची नोंद सहा महिने ठेवायची. पहिल्या दोन कंपनीने मान्य केल्या. नोंदीसाठी जागा लागते म्हणून जादा पैसे मागितले आहेत. आमच्यापैकी दोघे द्यायला तयार नाहीत. त्यांना मी समजावतो आहे. वर्गणी जमली नाही तर माझ्या दुकानापुरते पैसे मी भरणार आहे.