समाचार

मराठीत आजारी माणसाच्या ‘समाचाराला’ जातात आणि चुकलेल्या माणसाचा ‘समाचार’ घेतात. एकाच शब्दाची ही दोन टोके दाखवली की वर्गात हशा हमखास मिळतो. आम्ही तो वर्षानुवर्षे मिळवत आलो आहोत. गेल्या वर्षी आमच्या विभागातल्या एका मैत्रिणीला रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले. ही दोन टोके एकमेकांपासून फारशी लांब नाहीत, हे आम्हांला तेव्हा उमगले.

बातमी कळताच आम्ही सगळेच निघालो. कुणाच्या हाती फुले, कुणाच्या हाती फळे, कुणाच्या खिशात एका वैद्याचा पत्ता, तर कुणाकडे ठणठणीत बऱ्या झालेल्या दूरच्या मावशीची कथा. तीव्र रक्तकर्करोगात पहिल्या उपचारानंतर काही आठवडे पांढऱ्या पेशी इतक्या घटतात की साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. त्या काळात फुले, चिरलेली फळे आणि माणसे यांना दाराबाहेरच थांबवावे लागते. परिचारिकेने हे आम्हांला अगदी निःसंदिग्ध मराठीत सांगितले. समाचाराला गेलेल्यांचा समाचार घेतला गेला आणि ते योग्यच झाले.

आपली समाचाराची रीत बरीचशी जाणाऱ्याच्या समाधानासाठी असते, असे आमचे मत आता झाले आहे. ‘परवा जाऊन आलो बुवा’ या वाक्याचा कर्ता कोण आहे, ते पाहावे. त्यात आजारी माणूस कुठेच नाही. आपण गेलो, आपण आलो, कर्तव्य पार पडले.

पुढचे दोन आठवडे आम्ही निरुपयोगीच होतो. विद्यार्थ्यांनी मात्र उत्साहाने प्लेटलेट्स देण्याची तयारी दाखवली. चाळीस जण एकाच सकाळी यायला निघाले होते. प्लेटलेट्स रक्तपेढीत साधारण पाच दिवसच टिकतात. एका दिवशी चाळीस दाते रांगेत उभे राहिले तर छायाचित्र छान निघते, पण दहाव्या दिवशी पिशवी लागली की धावाधाव ठरलेलीच. वाणिज्य शाखेतल्या एका सहकाऱ्याने एका रात्रीत तक्ता केला : तारीख, रक्तगट, दूरध्वनी, न आल्यास पर्यायी नाव. पुढे त्यातच आणखी रकाने पडत गेले. तिच्या भाषाविज्ञानाच्या तासिका कोण घेणार, उत्तरपत्रिका कोण तपासणार, तिच्या आईचा डबा कोण पोहोचवणार, विम्याच्या कागदांच्या झेरॉक्स कोण काढणार. आम्हां मराठीवाल्यांपैकी एकालाही असा तक्ता सुचला नव्हता, हे इथे नोंदवून ठेवलेले बरे.

या संदर्भात आम्हांला अरुण कोलटकर आठवत राहतात. १९७६ मध्ये ‘जेजुरी’ आणि १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’. त्यानंतर पाव शतक पुस्तक नाही. मग ‘भिजकी वही’ २००३ मध्ये आली, आणि ‘काळा घोडा पोएम्स’ व ‘सर्प सत्र’ २००४ मध्ये. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला पोटाच्या कर्करोगाने ते गेले. अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’ने पुस्तके छापली, मागे उरलेल्या कवितांचे संपादन अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी केले आणि ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ २००९ मध्ये निघाले. एम.ए.च्या वर्गात या मंडळींचा उल्लेख आम्ही लघुनियतकालिकांच्या इतिहासात करतो. मित्रमंडळ म्हणून त्यांच्याकडे पाहावे, असे कधी वाटले नव्हते. मित्राचे काम हातात घेऊन ते तडीस नेणे हीही एक शुश्रूषाच होती.

आता शब्दांविषयी, कारण आमचा खरा पेच तिथे झाला. ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’ हा मराठी वृत्तपत्रांतला मथळा आम्हांला फार जुना राग आणणारा आहे. अपयश औषधाचे, शेरा मात्र गेलेल्या माणसाच्या नावापुढे. सुझन सोंटाग यांनी १९७८ च्या ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’मध्ये कर्करोगाभोवतीच्या लष्करी भाषेवर बोट ठेवले, ते पुस्तक लिहिण्यापूर्वी त्या स्वतः या रोगातून गेल्या होत्या, पण पुस्तकात त्यांनी स्वतःविषयी लिहिले नाही. हे सगळे आम्ही शिकवतो. त्यामुळे तक्त्याच्या निरोपात कुणी ‘लढवय्या ताई’ असे लिहिले, तेव्हा आम्ही ते खोडले आणि वर चार ओळींचे विवेचनही जोडले.

तिने ते वाचले. तिचा निरोप आला : “माझ्या आजारावर टिपण काढू नका. मला झुंज म्हणायचंय, मी म्हणणार. तुम्हीही म्हणा.”

आम्ही गप्प बसलो. खुद्द सोंटाग २००४ च्या डिसेंबरमध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पुत्र डेव्हिड रीफ यांचे २००८ चे पुस्तक सांगते की अखेरपर्यंत त्यांना जगण्याचीच भाषा ऐकायची होती. मरणाचा विषय त्यांना नको होता, आणि जवळच्यांना ती आशा सांभाळावी लागली. रूपकांविरुद्ध लिहिणारी बाईही आपल्या खाटेवर स्वतःला हवी तीच भाषा मागत होती. सिद्धान्त त्यामुळे खोटा ठरतो असे आम्हांला वाटत नाही. मथळ्यांवरचा आमचा आक्षेप कायम आहे. मात्र मथळा लिहिणारा वेगळा आणि खाटेवरची व्यक्ती वेगळी. तिच्या तोंडचा शब्द दुरुस्त करण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. त्या चार ओळी आम्ही मागे घेतल्या. ‘झुंज’ हा शब्द अजून आमच्या जिभेवर अडखळतो, पण तिच्याशी बोलताना आम्ही तो वापरतो.

सध्या ती घरी आहे. उपचार संपलेले नाहीत आणि तक्ताही. परवा तिने विचारले, शनिवारचा डबा कुणाकडचा? वाणिज्यवाल्या सहकाऱ्याच्या आमटीत मीठ कमी असते म्हणे. आम्ही त्यांना कळवले आहे.