छापखान्याच्या हिशेबात बाईची मजुरी कुठे?

आमच्या शहरात, छत्रपती संभाजीनगरात, गटातल्या सातजणी मिळून छापखाना काढायच्या विचारात आहेत. त्यांचा प्रकल्प अहवाल लिहायला मी मदत करते आहे. यंत्र, कागद, शाई, वीज, भाडे, बँकेचा हप्ता, सगळ्यांना रकाना आहे. त्यांच्या स्वतःच्या मजुरीला मात्र नाही! ‘मालकिणीच राबणार, मग पगार कशाला? उरेल तो नफा त्यांचाच,’ असे एका सल्लागाराने सांगितले. मला हे मान्य नाही.

छपाई बायकांना नवी नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायका खिळे जुळवत, छपाई करत. रमाबाई १९२२ साली वारल्या. त्यांनी मराठीत आणलेले संपूर्ण बायबल १९२४ साली तिथूनच छापून निघाले. आज मात्र बहुतेक ठिकाणी यंत्र पुरुषाच्या हाती आणि घडी, जुळणी, पिना बायकांकडे, त्याही नगावर.

हे काम किती असते? ३२ पानी पुस्तिकेच्या १००० प्रती धरा. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे २००० फर्मे. प्रत्येकाला तीन घड्या, म्हणजे ६००० घड्या. शिवाय फर्मे एकात एक घालणे, मुखपृष्ठ चढवणे, प्रत्येकी दोन पिना मारणे. हे तास धरले नाहीत, तर छपाईचा दर स्वस्त दिसतो आणि तूट बाईच्या श्रमातून भरून निघते.

म्हणून अहवालात मजुरी आधी, नफा नंतर. लग्नसराई संपली की पत्रिकांचे काम ओसरते. त्या महिन्यांची मजुरी आणि गिऱ्हाइकांची उधारी खेळत्या भांडवलात धरावी. तारणाचेही तसेच. घर बहुधा नवऱ्याच्या नावावर. पण लहान उद्योगांच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१० पासून आहे. बँकेत जाताना तो सोबत असू द्या.

मजुरी धरल्यावर दर वाढेल, गिऱ्हाईक तुटेल, ही भीती खरी आहे. पण मैत्रिणींनो, गिऱ्हाईक आपणही आहोत. आपली पत्रके, अहवाल, अंक आपण कुठे छापतो? सगळ्यात कमी दर पाहूनच ना? पुढच्या वेळी एवढे तरी विचारू या: घड्या कुणी घातल्या, आणि तिला किती मिळाले?