शरणपूरहून रबाईला



परवा संध्याकाळी आमच्या शेजारची सातवीतली मुलगी रुसून पायरीवर बसली होती. तिची शाळा पेठकडच्या एका पाड्यावरच्या शाळेला भेट द्यायला जाणार होती. वह्या वाटायच्या, गाणी म्हणायची, खेळ घ्यायचे आणि रात्री परत एकलहऱ्याला.

"काका, एका दिवसात काय मदत होणार हो? आणि आम्ही मुलं, आम्हाला येतं तरी काय?"

प्रश्न खरा होता. मी म्हटलं, "बस जरा. नाशिकच्या मुलांचीच एक गोष्ट सांगतो. तीही शाळेला मदत करायला गेली होती, पण पेठला नाही, थेट आफ्रिकेला!"

आपल्या एकलहऱ्याहून, वीज केंद्राची धुराडी मागे टाकत, नाशिकरोडवरून पुढे शहरात गेलं की शरणपूर रोड लागतो. हे शरणपूर म्हणजे पूर्वी शहराबाहेरची एक वेगळी वस्ती होती. १८५४ च्या सुमारास विल्यम प्राइस या मिशनऱ्याने ती वसवली. नावाचा अर्थ तुम्हीच ओळखा.

त्या काळी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसांना पकडून, गलबतांत कोंबून, गुलाम म्हणून विकायला नेत. त्यांत तुमच्या वयाची मुलंमुलीही असत. इंग्रजांच्या आरमाराने अशी काही गलबतं पकडली आणि त्यातली माणसं मुंबईला उतरवली. मुलांना घरी कसं पाठवणार? गाव कुठलं, आईबाप कुठे, आहेत की नाहीत, कुणाला ठाऊक! त्यातली काही मुलं शरणपूरला आली. तिथे ती लिहा-वाचायला शिकली. सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांना नवी नावं मिळाली, नवा धर्म मिळाला. जुनी नावं मागे पडली. कुणी त्यांना "तुला काय हवं?" असं विचारलं असेल का, हा प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो.

आता आफ्रिकेकडे वळू. आजच्या केनियात, मोंबासा बंदराजवळ, रबाई नावाचं खेडं आहे. तिथे योहानेस रेबमान नावाचा जर्मन मिशनरी राहायचा. किलिमांजारो पर्वतावर बर्फ आहे असं त्याने १८४८ मध्ये पाहून सांगितलं, तेव्हा युरोपातल्या काही पंडितांनी त्याची टर उडवली होती. विषुववृत्ताजवळ बर्फ? शक्यच नाही! असा हा रेबमान रबाईला जवळजवळ एकटा पडला होता. त्याच्या मदतीला १८६४ मध्ये शरणपूरचे काही तरुण निघाले. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर ही त्यांतली दोन नावं.

जरा विचार करा. ज्या समुद्रावरून लहानपणी बांधून आणलं, त्याच समुद्रावरून परत जायचं. गुलामांचा व्यापार तर तिकडे अजून चालूच होता. तरीही ते गेले.

पुढच्याच वर्षी प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन शरणपूरची शाळा पाहायला आले. तेही काही फार दिवस राहिले नाहीत. पण त्यांच्या मोहिमेत शाळेतले नऊजण सामील झाले. ती सगळीच गुणी बाळं होती असं समजू नका हं. कामचुकारपणा करतात, अशी तक्रार लिव्हिंग्स्टननी रोजनिशीत लिहून ठेवली आहे. काहीजण वाटेत सोडूनही गेले. पण १ मे १८७३ ला, आजच्या झांबियातल्या एका खेड्यात लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांच्या माणसांनी त्यांचा देह दीड हजारांहून जास्त किलोमीटर चालत समुद्रापर्यंत आणला. त्यांत याच शाळेत शिकलेला जेकब वेनराइट होता. जिथे लिव्हिंग्स्टनचं हृदय पुरलं, तिथल्या झाडावर त्यानेच अक्षरं कोरली. लिहिता येत होतं ना त्याला! पुढे १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, तेव्हाही तो हजर होता.

आणि रबाईचं काय झालं? १८७५ मध्ये प्राइसनी मोंबासाजवळ फ्रिअरटाउन ही सुटका झालेल्या गुलामांची वस्ती सुरू केली. तिथे शाळा चालवायला, घरं बांधायला आधार कुणाचा? नाशिकला शिकलेल्या आफ्रिकी माणसांचा. तिकडे त्यांना लोक 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. मालकांकडून पळालेले गुलाम रबाईला येऊन लपू लागले. जोन्सनी त्यांना आसरा दिला. मालक चिडले, माणसं परत मागू लागले. जोन्स बधले नाहीत. शेवटी १८८९ च्या सुरुवातीला मालकांना भरपाई देण्यात आली आणि अशा शेकडो जणांच्या हातात सुटकेचा कागद पडला.

शरणपूरला आसरा घेतलेल्या मुलाने मोठेपणी रबाईचंच शरणपूर केलं! फ्रिअरटाउनला धोक्याचा इशारा देणारी एक घंटा होती. ती जिथे आहे त्या मोंबासातल्या भागाला आजही 'केंगेलेनी' म्हणतात. स्वाहिली भाषेत केंगेले म्हणजे घंटा.

गोष्ट संपली. आमची शेजारीण थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण काका, ते तिथे राहिले. आम्ही तर संध्याकाळी परत येणार."

अगदी बरोबर बोलली. एक दिवस तो एकच दिवस. त्याला मोठं म्हणून मिरवू नये. पण तेवढ्यात नेमकं काय करायचं, हे तरी विचारता येतं की! शरणपूरच्या मुलांना कदाचित कुणी विचारलं नसेल, आपण विचारू.

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना गळ घातली. बाईंनी पाड्यावरच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी संकोचत म्हणाले, "वह्या आहेत हो पुरेशा. पुस्तकांच्या कपाटाचं दार निखळलंय. उंदरांच्या भीतीनं पुस्तकं पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवलीत. मुलांच्या हाती लागतच नाहीत."

आता सहलीला एका मुलाचे बाबा येणार आहेत, बिजागऱ्या आणि पेचकस घेऊन. मुली बरोबर पॉलिश पेपर घेणार आहेत. दार बसलं की पेटीतली पुस्तकं बाहेर काढायची आणि दोन-दोघांनी मिळून एकेक वाचायचं. गुरुजींनी आणखी एक निरोप दिला आहे: "आमची मुलं तुम्हाला रानातल्या पाखरांची नावं शिकवतील. वही तुमची तुम्ही आणा!"