शेवटची पायरी

हैदराबादला नल्लकुंट्यातल्या नव्या घरांचे जिने उतरून पाहा, मंडळी! शेवटच्या पायरीवर पाय दचकतो. जिना आधी ओततात, हॉलची लादी मागाहून बसते. पायरीवर पातळ ग्रॅनाइट, हॉलात मसाला धरून दोन इंच. मग खालची पायरी इंचभर बुटकी होणारच. पायाला ते कोण सांगणार? वर आरशासारखी गुळगुळीत व्हिट्रिफाइड! शंभरेक किलोमीटरवर तांडूरला खरबरीत फरशी निघते, पण ती म्हणे जुनाट. आम्ही गोंयकार तरी कुठले शहाणे? चार महिने पाऊस, ओले पाय आणि जिन्याच्या तोंडाशी तीच चकाकी. गवंड्याला शिव्या कशाला देता? तयार जमिनीची रेघ भिंतीवर मारून घ्या, मगच त्याला जिना ओतू द्या.